ईफाच्या भिंतीवरच्या बाहुल्या

आयर्लंडहून परत आल्यावर शेजारीपाजारी विचारत राहिले, काय काय पाहिलंत. हिरवी कुरणं पाहिली, पडके किल्ले पाहिले, मेंढ्या तर इतक्या की पुढे पुढे त्यांच्याकडे बघणंही सोडून दिलं, असं मी सांगत असे. पण त्या तीन महिन्यांतलं जे अजून मनात रुतून बसलंय ते मूळचं आयर्लंडचं नाही. ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या माळावरून आलेलं, आणि मला भेटलं ते डब्लिनजवळच्या नास गावात, एका मुलीच्या पलंगापाशी. ज्यांची ही हकिगत आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं बदलली आहेत. त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं काही मी मुद्दाम गाळलं आहे, कारण ते मला सांगितलं होतं, सगळ्यांना नाही.

नास

तो २००४ चा उन्हाळा. माझी मुलगी मेधा औषधांच्या कारखान्यात होती, जावई निखिल चिपच्या कारखान्यात. नात ईरा सात वर्षांची. सावंतवाडीच्या शाळेतून चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी नुकतीच निवृत्त झाले होते. हे काही बाग सोडून यायला तयार झाले नाहीत. फोनवर मात्र रोजचा प्रश्न ठरलेला असे: "गो, थंय तुझ्यावांगडा कोण बोलता तरी काय?"

सुरुवातीला खरंच कोणी बोलत नव्हतं. मेधा-निखिल सकाळी गाडी काढून जात. एकसारख्या घरांच्या त्या ओळीत दिवसा माणूस दिसायचा तो फक्त पोस्टमन. ईराला मराठी सगळं कळे, पण उत्तर यायचं तिकडच्या हेलाच्या इंग्रजीत. चाळण कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "प्रेसमध्ये." मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधत बसले. प्रेस म्हणजे त्यांच्याकडे कपाट, हे मेधा संध्याकाळी आल्यावर समजलं.

व्हर्ना आली ती तिच्या मुलीला न्यायला. तिची ईफा नऊ वर्षांची, ईराबरोबर आमच्या मागच्या अंगणात खेळत होती. व्हर्नाचा नवरा डेक्लन निखिलच्याच कारखान्यात. कारखाना उभा राहत होता तेव्हा इथली बरीच माणसं प्रशिक्षणाला ॲरिझोनाला पाठवली होती. डेक्लन तिथे गेला आणि लग्न करून परतला. व्हर्ना तिथल्या होपी जमातीची. अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हणजे डोक्यात पिसं खोचून घोड्यावर बसणारे, एवढीच माझी समजूत. दारात उभी होती ती जीन्स घातलेली, गव्हाळ रंगाची, रुंद गालांची बाई. आमच्या बाजारात भाजी घेताना दिसली असती तर मी सरळ मालवणीत बोलले असते.

मी घावणे घालत होते. बिडाचा तवा मी सामानातून नेला होता. विमानतळावरच्या तपासनिसाने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला होता आणि काही न विचारता परत ठेवला होता. व्हर्ना तव्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माझी आई असंच करते. पण दगडावर. निळ्या मक्याचं पीठ, आणि ते हाताने सारवते. कागदासारखं पातळ होतं. पिकी म्हणतो आम्ही."

"तापलेल्या दगडावर? हाताने?"

"मी करून बघू?"

मी बाजूला झाले. तिने पिठात बोटं बुडवली आणि तव्यावरून तळहात असा झरकन फिरवला की मला धड दिसलंही नाही. घावण कडेला फाटलं, पण इतकं पातळ मी जन्मात घातलं नव्हतं. तिने ते उभ्या उभ्याच खाल्लं. तेवढ्यात कामावरून आलेल्या मेधाने मला आई म्हणून हाक मारलेली तिने ऐकली, आणि तेच माझं नाव आहे असं तिला वाटलं. "थँक यू, आई," असं म्हणून ती गेली. पुढे खरं कळल्यावरही तिने ते बदललं नाही.

दोन दिवसांनी तिने मला चहाला बोलावलं. ईफा माझा हात धरून वर तिच्या खोलीत घेऊन गेली. पलंगाच्या उशाशी भिंतीवर दोन लाकडी बाहुल्या दोरीने टांगलेल्या होत्या. एक अगदी साधी. फळकुटासारखी चपटी, हात नाहीत, पाय नाहीत, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे आणि गालांवर दोन लाल गोल. दुसरी वीतभर उंच, भरीव. तिचे हात पोटाशी घट्ट धरलेले, पोटात दुखणाऱ्या मुलीसारखे. चेहरा निळसर हिरवा. डोक्यावर पायऱ्या-पायऱ्यांची एक पाटी आणि तिच्याखाली बारीक उभ्या रेघा.

"हे ढग," ईफा पायऱ्यांवर बोट ठेवून म्हणाली. "आणि हा पाऊस. आणि ही चपटी आहे ना, ती आई आहे. सगळ्यांची. मी पाळण्यात होते तेव्हा ती आली."

"कुठून आली?"

"डोंगरावरून. तिथे बर्फ असतो. ते सगळे तिथे राहतात. थंडीत आमच्या गावी येतात आणि जुलैत परत जातात. ही दुसरी त्यांनी मला स्वतः दिली. मी तीन वर्षांची होते. मी रडले होते, मॅम म्हणते." मॅम म्हणजे तिची आई.

जन्मापासून नासमध्ये वाढलेली, दोनदाच तिथे जाऊन आलेली ही मुलगी 'आमच्या गावी' म्हणाली ते मला ऐकायला फार बरं वाटलं.

मी विचारून बाहुली हातात घेतली आणि दचकले. एवढ्या लाकडाचं वजन असायला हवं तसं नव्हतंच. आमच्याकडे चितारआळीत खेळणी करायला पांगाऱ्याचं लाकूड वापरत, तसं हलकं. मी तोंड उघडलं, कोणी कोरली विचारायला. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या व्हर्नाने ईफाच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. मी प्रश्न गिळला.

खाली आल्यावर, मुली अंगणात गेल्याची खात्री करून, ती बोलली. "माझे मामा कोरतात. पण मुलांना हे इतक्यात कळायचं नसतं."

मग तिने मला पुष्कळ सांगितलं. लोक त्यांना कचिना बाहुल्या म्हणतात. होपी माणूस कात्सिना म्हणतो, आणि बाहुलीला तिहू. कात्सिना देव नव्हेत. ते माणसांचं मागणं ढगांपर्यंत नेतात आणि पाऊस आणतात. पाऊस तिथे इतका कमी की मक्याचा दाणा हातभर खोल पेरावा लागतो. बाहुली म्हणजे कात्सिना नव्हे. ती ओळख व्हावी म्हणून मुलीला देतात. मुलगी तिला मांडीवर घेते, पाठीला बांधते, रात्री ती भिंतीवरून मुलीकडे बघते. खेळता खेळता कोण कुठला, कुणाच्या गालावर काय खूण, हे मुलीला पाठ होऊन जातं.

"लाकूड कुठलं?"

"कॉटनवुड. ओढ्याकाठी होतं. पण खोडाचं नाही, मुळाचं घेतात. मूळ पाण्याचा शोध घेत जातं ना, म्हणून." मामा पुरात वाहून आलेली, वाळलेली मुळं गोळा करून आणतात. आकार सुरीने काढायचा, मग वाळूच्या दगडाने घासायचं, पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि त्यावर रंग. मी म्हटलं, आमच्याकडेही आधी चिंचोक्याच्या खळीत कालवलेली पांढरी माती लावतात, त्याशिवाय रंग बसत नाही. तिला याचं नवल वाटलं नाही. "लाकूड पितं," एवढंच म्हणाली. रंग मनाला येतील ते नसतात. पिवळा, निळा, तांबडा, पांढरा, प्रत्येकाची दिशा ठरलेली, आणि मक्याच्या कणसांचेही तेच रंग.

मी विचारलं, बाहुलीला खाली बैठक का नाही, टेबलावर उभी कशी करायची.

"उभी करायचीच नसते. ती शोभेची नाही."

मग ती जुलैबद्दल बोलली. कात्सिना डोंगरावर परत जायच्या आधी गावाच्या चौकात दिवसभर नाच असतो. बायका-मुलं घरांच्या धाब्यांवर बसून बघतात. मध्येच मुलींना पुढे बोलावून हातात बाहुली देतात, हिरव्या कणसांबरोबर. सहा वर्षं रजा आणि तिकिटं यांचा मेळ बसला नव्हता. या वर्षी बसला होता. "या वेळी ती रडणार नाही. आता तिला सगळं ठाऊक आहे, कोण कोण येतं ते. आणि तरी अजून..." तिला शब्द सापडला नाही. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं.

आमच्याकडे जुलैत पाऊस थांबव म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायची पाळी येते, असं मी तिला सांगितलं. ती पुष्कळ वेळ हसत होती.

पश्चिमेचा किनारा

जूनच्या शेवटी निखिलने दोन दिवस पश्चिम किनाऱ्याला जायचं ठरवलं. मेधाची ऐनवेळी ड्यूटी लागली, डेक्लनचीही शिफ्ट होती, म्हणून व्हर्ना आणि ईफा आमच्याबरोबर निघाल्या. पुढे निखिल आणि व्हर्ना, मागे दोन मुलींच्या मध्ये मी.

बरन नावाचा तिथला भाग मला फार आवडला. मैलोन् मैल राखाडी चुनखडीचा कातळ, आमच्या सड्यासारखा, फक्त आपला जांभा तांबडा आणि हा राखेच्या रंगाचा. लांबून वाटतं इथे गवताची काडी उगवत नसेल. जवळ गेलं की प्रत्येक भेगेत फुलं. निळी, जांभळी, पिवळी, खाली वाकून बघायला लागावी इतकी लहान. व्हर्ना गुडघ्यांवर बसून एका भेगेत हात घालत होती. "खाली ओल आहे," म्हणाली. ईफा आणि ईरा कातळावरून कातळावर उड्या मारत होत्या, आणि ईफा ईराला सांगत होती की आमच्या गावी पण असाच दगड आहे, फक्त सगळं उंचावर आहे आणि समुद्र नाही.

मोहरचे कडे मात्र दिसले नाहीत. सगळं धुकं आणि भुरभुर पाऊस. शेदीडशे माणसं कठड्यापाशी उभी राहून पांढऱ्या शून्याचे फोटो काढत होती. खालून लाटांचा आवाज येत होता, तेवढीच समुद्राची ओळख. निखिल एका गाडीवाल्याला म्हणाला की काहीच दिसत नाही, तर तो म्हणाला, "ग्रँड सॉफ्ट डे," म्हणजे छान मऊ दिवस आहे. पावसाला मऊ म्हणणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

मग तो मऊ पाऊस चांगलाच कडक झाला. आम्ही किनाऱ्यावरच्या एका लहान गावात थांबलो. एका खाणावळीत माशांचं दाट सूप आणि खायचा सोडा घालून केलेला काळसर पाव खाल्ला. सुपात दूध घातलेलं होतं. माशात दूध म्हटल्यावर मी आधी चमचा खाली ठेवला होता, नंतर वाटी पुसून घेतली. पाऊस थांबेना. समोरच्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन लागलेलं होतं. मुलींना पाय मोकळे करायला मिळतील म्हणून आम्ही आत गेलो. कुणीही गेलं असतं.

आत गरम होतं, ओल्या लोकरीचा वास होता. विणलेले स्वेटर, साबण, मेणबत्त्या, एका कोपऱ्यात चहा. एक म्हातारा दलदलीतून काढलेल्या काळ्या ओकच्या लाकडाचे पक्षी घेऊन बसला होता. हे लाकूड चिखलात हजारो वर्षं पडून काळं होतं, म्हणाला. मी एक पक्षी हातात घेऊन त्याच्याशी बोलत होते, तेव्हा ईफाचा आवाज आला. ओरडली नव्हती, पण आवाज वेगळा होता.

"मॅम. मॅम, इकडे ये."

शेवटच्या टेबलापाशी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, केस मागे शेपटीसारखे बांधलेले, मनगटात निळ्या खड्याचं कडं, बोलणं मात्र तिथल्याच गावचं. काही वर्षं तो अमेरिकेच्या नैर्ऋत्येला राहून आला होता, हे पाठीमागच्या फलकावर लिहिलं होतं. त्याच्यापुढे कचिना बाहुल्या मांडल्या होत्या. एक पाय उचलून नाचणाऱ्या, हात पसरलेल्या, प्रत्येकीच्या पायाखाली लाकडाची गोल बैठक. काम वाईट नव्हतं, हे मला कबूल करायला हवं. पुढ्यात एक ट्रे होता. त्यात नुसती डोकी होती, अजून रंग न दिलेली. शेजारी नुसती धडं. आणि त्याच्या हातात एक चपटी बाहुली, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची. तो ब्रशने तिच्या गालावर दुसरा लाल गोल काढत होता.

"ही माझ्याकडे आहे," ईफा त्याला म्हणाली.

"हो? मग तुझी आवड चांगली आहे. हिला मी मंगळवारी केलं."

"नाही. त्या डोंगरावरून येतात."

तो हसला. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. मुलांशी बोलताना माणसं हसतात तसाच हसला. "या सगळ्या माझ्या शेडमधून येतात, बाळ. तुला एक रंगवून बघायची आहे का? हे घे, एक डोकं देतो तुला."

त्याने ट्रेमधलं एक डोकं उचलून तिच्यासमोर धरलं.

ईफाने ते घेतलं नाही. ती मागे वळली. व्हर्ना तोवर तिच्या पाठीशी आली होती, आणि टेबलावरचं सगळं तिला एकदमच दिसलं. तिने ईफाच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "या वेगळ्या आहेत. या आपल्या नाहीत."

"पण सारखीच आहे ती."

"वेगळी आहे."

ईफाने त्या डोक्याकडे बघितलं, धडांकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे. "मग माझी कोणी केली?"

खोटं सांगणं व्हर्नाला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायची ती जागा नव्हती, ती वेळ नव्हती, आणि सांगणारी माणसंही वेगळी ठरलेली होती. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती गप्प आहे आणि मुलगी तिचा चेहरा वाचते आहे. वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावर असा क्षण मी अनेकदा पाहिला होता, काहीतरी उमगल्याचा. त्याचं मला नेहमी कौतुक वाटे. त्या दिवशी वाटलं, पुढे होऊन या मुलीचे डोळे झाकावेत.

त्या माणसाला आपलं काहीतरी चुकलं एवढं जाणवलं. "मी काही वावगं बोललो का?" त्याने मला विचारलं. मी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही. त्याच्यावर रागवायला मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

गाडीत ईरा लगेच झोपली. निखिलला यातलं काही माहीत नव्हतं. तो रस्ता शोधत होता. मग ईफा पुढे वाकून, ईराला जाग येऊ नये अशा बेताने म्हणाली, "मॅम, इट्स ग्रँड. मला कळलं. सँटीसारखंच आहे ना ते?"

सँटी म्हणजे त्यांचा नाताळबाबा. व्हर्नाने मागे वळून बघितलं नाही.

"सँटीचं मला कधीच कळलंय. आमच्या वर्गातल्या किआराने सांगितलं. तुला आणि डॅडला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "ईराला मी नाही सांगणार."

व्हर्नाने पुढच्या सीटवरून हात मागे आणला. ईफाने तो धरला. मुक्कामाचं घर येईपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

समुद्रावर

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. घरमालकिणीने नाश्त्याला सॉसेज, अंडी, बटाट्याचे पोळे असं काय काय मांडलं. माझ्यासाठी वेगळा पॉरिज, म्हणजे ओटची पेज. ईफा व्यवस्थित जेवली, ईराशी हसली, कुणी न सांगता घरमालकिणीला थाळी उचलून दिली. रोजच्यापेक्षा ती जास्तच शहाण्यासारखी वागत होती. ते बघून व्हर्नाने कॉफी अर्धी टाकली.

निखिल मुलींना घेऊन वाळूत गेला. व्हर्ना आणि मी ओहोटीच्या कडेने चालत राहिलो. तिला काहीतरी बरं वाटेल असं बोलावं म्हणून मी आमच्या गावची गणपतीची शाळा सांगितली. शाळा म्हणजे मूर्ती करायची शेड. श्रावणात आम्ही पोरं तिथेच पडीक असायचो. मातीचा गोळा, मग सोंड, मग हात, सगळं डोळ्यांदेखत व्हायचं. मूर्तिकार विडी ओढत डोळे रेखायचा. तोच गणपती घरी आणून पाटावर बसवला की आमच्यासाठी देव व्हायचा. माती बघितली म्हणून काही कमी झालं नाही. "तेव्हा ईफाचंही होईल ठीक," मी म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुमच्या त्या शेडमधून तुम्ही घरी आलात तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"सगळेच. आजोबा, काका, काकू, शेजारी."

"आणि ते सगळे हात जोडून उभे होते."

"हो."

"इथे मी एकटी आहे. डेक्लन चांगला आहे, पण त्याला त्यातलं काय माहीत. बाकी नासमध्ये कोण? नऊ वर्षं मी एकटीने ते धरून ठेवलं."

आम्ही पुढे गेलो. ती म्हणाली, सँटीसारखं असतं तर तिला काही वाटलं नसतं. सँटीचं कळलं की खेळ संपतो. त्यांच्याकडे कळणं ही सुरुवात असते. मुलगी मोठी होते, कोणी जाणती बाई तिचा हात धरून नेते, आणि तिला रीतीने सांगितलं जातं. त्या दिवसापासून ती नुसती घेणारी राहत नाही, धरून ठेवणाऱ्यांपैकी एक होते. "माझा हात माझ्या आत्याने धरला होता. किती घट्ट धरला होता ते मला आठवतं. ईफाला काय आठवणार? एक हॉल, आणि ट्रेमधली डोकी."

माझ्या नातीला मी अंगाई शिकवत होते ती ती इंग्रजी हेलात म्हणायची, आणि मी त्याचंच कौतुक करत होते. पोरीला कळतंय ना, मग झालं, असं मेधा आणि मी एकमेकींना सांगत असू. त्या सकाळी ते समाधान मला पुरेसं वाटेना.

पुन्हा नास

जुलैत ते तिघं ॲरिझोनाला गेले. जायच्या आदल्या दिवशी मी ईफाला तांदळाचे लाडू दिले. "तिथे जाऊन काय करणार?" असं विचारणार होते, पण विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये, माझी परत निघायची बांधाबांध चालू असताना, व्हर्ना आली. रंग उन्हाने आणखी गडद झाला होता. आईने दिलेलं निळ्या मक्याचं पीठ तिने माझ्यासाठी आणलं होतं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी विचारायची वाट न बघता ती सांगू लागली.

मामांना तिने पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या शेतावर, मक्याच्या ओळीत बसून. मग त्यांनी विचारलं, "त्या माणसाचं लाकूड कसलं होतं?" तिला माहीत नव्हतं. काहीतरी फिकट, पांढरट होतं, एवढंच आठवत होतं. ते म्हणाले, "मुळाचं नव्हतं तर." आणि उठून तण काढू लागले. नंतर आईशी आणि आत्याशी बोलणं झालं. थंडीत पुन्हा आण, बघू काय करता येईल, असं त्या म्हणाल्या. थंडीत शाळा असते, रजा नसते. तरी बघू, असं तीही म्हणून आली.

"आणि नाच?"

"नाच झाला. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाऊससुद्धा आला, थोडा."

धाब्यावर सगळ्या बायका-मुली बसल्या होत्या. शेजारी व्हर्नाच्या बहिणीची मुलगी, ईफाच्याच वयाची. तिला खाली बोलावलं तेव्हा ती दोनदा थांबून मागे बघत उतरली. बाहुली आणि कणसं हातात आली तशी ती पळत परत आली आणि आजीच्या शालीत तोंड खुपसून बसली. कितीतरी वेळ वर बघायलाच तयार नव्हती. मग ईफाला बोलावलं.

"ती गेली. सरळ चालत गेली. मी शिकवलं होतं तसे दोन्ही हात पुढे केले. आभाराचा आमचा शब्द आहे, तो बरोबर म्हणाली. मान खाली घातली, आमच्या मुली घालतात तशी. माझी आई रडायला लागली. म्हणाली, बघ, किती आपली आहे पोरगी."

व्हर्नाने समोरच्या पिठाच्या पिशवीची घडी नीट केली.

"मग ती वर आली, माझ्या मांडीला टेकून बसली. बहिणीच्या मुलीचं तोंड अजून शालीतच होतं. ईफाने तिच्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, मॅम, मी बरोबर केलं ना? कुणाला कळलं नाही ना?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही कळलं कुणाला. खूप छान केलंस."